ट्रेबल जास्त आहे, अण्णा

अण्णा, नॉब तयार झाला. पितळेचा, तुम्ही सांगितला होता तसाच, कडेला बारीक खाचा असलेला, म्हणजे घामेजलेल्या बोटांतूनही निसटणार नाही. मच्छे गावात मी कामाला आहे त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढला, फोरमनला विचारून. रुमालात गुंडाळून शहापुरात तुमच्या दाराशी आलो, तर उंबऱ्याबाहेर चपलाच चपला. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. नॉब माझ्या खिशातच राहिला आणि तुमच्याबरोबर स्मशानात जाऊन परत आला.

आता दिवसकार्यही झालं. पाहुणे गेले. तुमच्या टेबलावर सदलग्याच्या बाळूतात्यांचा जपानी अ‍ॅम्प्लिफायर झाकण काढून तसाच पडलाय, शेजारी तुमचा चष्मा. तात्या दिवसाला आले होते. उसाचा फड सोडून कुठं न जाणारा माणूस, पण तुमच्यासाठी दोन एसट्या बदलून आला. जेवणं झाल्यावर मीच विषय काढला, की तात्या, तुमचं मशीन अर्धवट राहिलंय.

"असू दे की," तात्या म्हणाले. "अण्णाचा हात लागलाय न्हवं त्याला? उघडं हाय तसं दिलं तरी चालंल मला."

आणि मी, चार माणसांत, तोंडाला कुलूप नसल्यासारखा बोलून गेलो, "मी पुरं करतो." वहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बोललेला शब्द परत गिळता येत नाही, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत, पण मी शिकलो नाही.

घरी जाताना कळलं, काय बोलून बसलो ते. सदलग्यापासून निपाणीपर्यंत ज्यांच्या घरी जुने सेट वाजतात ते त्यांना कंपनीच्या नावानं ओळखतच नाहीत. "अण्णाचा सेट" म्हणतात. हा शेवटचा अण्णाचा सेट. बिघडला तर माझं काही जाणार नाही, मला लेथवाला मारुती म्हणून कोण ओळखतो? नाव तुमचं जाणार. आणि त्यात राहिलेलं काम कुठलं, तर ट्रेबल. आपण दोघं ज्यावरून एवढी वर्षं भांडलो, नेमकं तेच.

मी पहिल्यांदा तुमच्याकडं आलतो ते आठवतं का? काखेत रेकॉर्ड प्लेअर, वडिलांचा. तुम्ही बस म्हणाला नाहीत, पाणी विचारलं नाहीत. तबकडी उचललीत, खालच्या मोटरला बोट लावलंत, ते नाकाशी नेलंत आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंत, "शेंगतेल कुणी ओतलं रं ह्यात?" आमच्या आईनं ओतलं होतं. दाराची बिजागरी कुरकुरली की ती शेंगतेल घालायची, शिलाई मशीनला शेंगतेल, गाडीच्या साखळीला शेंगतेल, मग फिरायचं थांबलेल्या प्लेअरलाही घातलं. त्याचा गूळ होऊन बसला होता. तुम्ही पोट धरून हसलात आणि मग तो गूळ काडीला कापूस गुंडाळून, रॉकेलचं बोट लावत लावत, अख्खी सकाळ काढत बसलात. मोटर हट्टाला पेटली की तिला कन्नडमध्ये शिव्या आणि फिरायला लागली की मराठीत शाबासकी, "व्हय, बाई, अशी शाण्यासारखी." दोन्ही भाषा माझ्या ओळखीच्या, पण त्यांची अशी वाटणी मी कुठं बघितली नव्हती.

मी त्या दिवशी तुमचा झालो, हे आज सरळ सांगून टाकतो. जिवंतपणी सांगितलं असतं तर "लई झालं" म्हणून उडवून लावलं असतंत.

तुम्ही विणकर होतात हे तुमच्या प्रत्येक सेटमध्ये दिसायचं. जुन्या रेडिओचा काटा ज्या दोरीनं सरकतो, ती तुटली की बाकीचे मेकॅनिक हात टेकतात, कारण गाठ मारली की ती चाकात अडकते. तुम्ही साडीच्या ताण्याचा धागा घ्यायचात, त्याला मेण लावायचात आणि मागावरची ती गाठ मारायचात, तुटलेला धागा पुन्हा जोडायला मारतात ती. चिमटीत धागा धरला एवढंच दिसायचं, गाठ कधी पडली ते कळायचं नाही, आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनबोभाट सरकायचा. मी ती गाठ शिकायचा लई प्रयत्न केला. माझी गाठ बघून तुम्ही म्हणायचात, "म्हशीला बांधायला बरी हाय."

स्पीकरचं कापड तर तुम्ही स्वतः विणायचात. बाजारातलं कापड दाट असतं, आवाज आतच कोंडतो, असं म्हणून एक माग त्यासाठी वेगळा काढून विरळ वीण घातलीत. इथपर्यंत ठीक. पण त्याला इरकली काठ कशाला? निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडं सेट पोचवायला आपण गेलो, तेव्हा त्यांची बायको म्हणाली होती, "अगं बाई, पेटीला लुगडं नेसवलंय!" मी शरमेनं खाली बघितलं. तुम्ही खुशीत म्हणालात, "नेसवलंय तर. उघडी कशी आणायची चारचौघांत?" आज माझ्या घरातले स्पीकर मोरपंखी काठात उभे आहेत आणि कुणी काठ काढ म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

तुमच्या घरचा सेट पुढच्या लांबट खोलीत, दोन्ही स्पीकर मागाच्या जुन्या तुळयांवर ठेवलेले. समोर मध्यावर एकच खुर्ची. तिथं बसलं तरच आवाज दोन पेट्यांच्या मधून, हवेतून येतो, असं तुम्ही प्रत्येकाला समजावून सांगायचात. आणि कुणीही आला, दूधवाला असो की माझ्यासारखा रिकामटेकडा, की त्या खुर्चीवरून उठायचात. "बस मधी. डोळं मीट." तुम्ही कडेला भिंतीशी स्टुलावर. स्वतःच्या सेटसमोर, स्वतःच्या खुर्चीत तुम्हाला अख्खी एक बाजू ऐकताना मी फारसं बघितलं नाही. असा माणूस मला पुन्हा भेटणार नाही, अण्णा. माझ्याच्यानं बसची खिडकी सोडवत नाही.

मागांना सुट्टी असायची त्या दिवशी आपली बैठक. एरवी गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट एवढा, की सुईखाली काय वाजतंय ते सुईलाच माहीत. सुट्टीच्या दिवशी भजनाची रेकॉर्ड लागायची आणि आपलं भांडणही लागायचं.

"अण्णा, ट्रेबल जास्त आहे. झांजा कानात टोचतायत."

"झांज हाय ती. टोचणारच. लोणी हाय व्हय?"

तुमच्या ट्रेबलच्या नॉबवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, जवळजवळ शेवटाला टेकलेला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटवर तुम्ही असे ठिपके द्यायचात, हा बास, हा ट्रेबल, आणि गिऱ्हाइकाला बजावायचात की आवाज लहान-मोठा करा, पण ठिपका हलवायचा नाही. लोकही मानायचे. देवाच्या फोटोला हार घालताना फोटो सरकवत नाहीत, तसं लोक ते ठिपके सांभाळायचे. म्हणूनच मला जास्त राग यायचा. मनात यायचं, हा माणूस साऱ्या मुलखाचे कान टोचत सुटलाय.

कारण मला माहीत होतं, अण्णा. लहानपणापासून मागाशेजारी वाढलेला माणूस. मोबाइल खिशात बारीक आवाजात वाजत राहायचा आणि तुम्ही नंतर म्हणायचात, "सायलेंटवर हुता वाटतं." पाखरं ओरडायची तुम्हाला पत्ता नसायचा. खालचे सूर, मृदंग, तंबोरा, हे तुम्ही स्पीकरच्या कापडावर बोटं टेकवूनसुद्धा अचूक सांगायचात, पण वरचे बारीक आवाज मागांनी कधीच नेले होते. मी ट्रेबलबद्दल भांडलो, कानांबद्दल नाही. तुम्हीही तो विषय आपल्यामध्ये कधी आणला नाहीत. आपल्याकडं हे असंच असतं, माणूस अंगावर धावून जाईल, पण वर्मावर बोट ठेवणार नाही.

शेवटचं बोलणंही तेच. तात्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबलचा नॉब हरवला होता. "पितळंचा काढून आण मारत्या, लेथवर," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "आणतो, पण फार फिरवू नका म्हणजे झालं." तुम्ही सोल्डरच्या धुरातून माझ्याकडं बघून हसलात. मी गाडीला किक मारली आणि निघालो.

म्हणून दिवसाला तात्या जे बोलले त्यानं मी चक्रावलो. ते म्हणत होते, "माझा रेडिओ दुरुस्त करून दिलता अण्णानं. काय आवाज! असा मऊ, कुटं बोचत न्हाय." मला वाटलं, मेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण बोलतो. रीत म्हणून बोलत असतील.

तरीही वचन दिलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आलो. वहिनींनी टेबलाजवळची खिडकी उघडून दिली आणि दारात तांदूळ निवडायला बसल्या, नेहमीच्याच जागी. मी तुमचा चष्मा उचलून कपाटात ठेवला, मग पुन्हा टेबलावर ठेवला. कपाटात बरा दिसेना.

तुम्ही वीजपुरवठ्याचे सुकलेले कंडेन्सर बदलून ठेवले होते. सोल्डरचे टाके एवढे सुबक, की मी आधी रुमालाला बोटं पुसली. डावी बाजू मुकी होती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे शोधत गेलो. आत एक रिले असतो, मशीन सुरू झाल्यावर टक् करून स्पीकर जोडणारा. त्याचे संपर्क काळे पडले होते. पॉलिश पेपर हातात घेतलाही होता, आणि कानात तुमचा आवाज आला, "घासू नको गाढवा, मुलामा जाईल." मग कोऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून हलकेच ओढली. पट्टी काळी झाली. दुसरी ओढली. तिसरी कोरी निघाली. शेवटी खिशातला नॉब काढून दांड्यावर बसवला. चपखल बसला, अण्णा. तेवढी शाबासकी मात्र मी माझीच मला देऊन घेतली, मराठीत.

मग सिरीज बल्ब. दुरुस्त केलेलं मशीन थेट विजेला लावायचं नाही, आधी मध्ये एक बल्ब ठेवायचा. आत काही चुकलं असेल तर बल्ब लखलखतो आणि मशीन वाचतं. तुम्ही बटण दाबताना प्रत्येक वेळी "हूं, बघू" म्हणायचात. मी ते न म्हणताच बटण दाबलं. बल्ब उजळला, आणि हळूहळू मंद होत विझत आला. थोड्या वेळानं आतून रिलेची टक् आली. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. मग म्हणाल्या, "चालू झालं न्हवं?" मी मान हलवली.

खरी परीक्षा पुढं होती. तुमच्या स्पीकरना जोडून भजनाची तीच रेकॉर्ड लावली. बास बसवला, ठिपका दिला. ट्रेबलला हात गेला आणि तिथंच थांबला. माझ्या कानानं लावावा, तर तो अण्णाचा सेट राहत नाही. तुमच्या घरच्या ठिपक्याप्रमाणे लावावा, तर तात्यांच्या म्हातारपणी त्यांच्या कानात सुया. नॉब मी पुढं नेला, मागं आणला, पुन्हा पुढं नेला. ब्रश बाटलीत बुडवून तसाच हातात. कुणाशी भांडायचं तेही कळेना.

मान वर केली तर दारातून वहिनी मला हात करत होत्या. उघडा पंजा, खालच्या बाजूला, दोनदा दाबल्यासारखा. मला वाटलं, चहाला थांबा म्हणतायत.

"चहा नको वहिनी," मी ओरडून म्हटलं.

"चहा न्हाय वो भावजी! सैल करा, सैल!"

मी मग नॉब थोडा मागं घेतला. त्यांनी चिमूट करून दोन्ही हात लांब केले, धागा ताणल्यासारखे. थोडा पुढं नेला. पुन्हा पंजा, अगदी हलका. केसभर मागं. मग त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं. एवढी खूण मलाही माहीत होती, शहापुरात कुणालाही माहीत असते. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा घरातली माणसं हातांनी बोलतात. ताण, सैल, धागा तुटला, थांब. आणि बोट फिरवलं की, बरोबर आहे, चालव.

आवाज बरोबर होता. झांजा वाजत होत्या, आणि कुठं बोचत नव्हत्या.

"वहिनी, हे काय?"

"काय म्हंजे? दरवेळंला असंच करत आलाव की आमी. लोकांचं मशीन असलं की ते माझ्याकडं बघत लावायचे." त्या पुन्हा तांदळात बघायला लागल्या. "तुमी हुतासा की हितंच, त्या खुर्चीत. दिसलं न्हाय व्हय कधी?"

नाही दिसलं. कसं दिसणार? मी मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेला असायचो. तुम्हीच सांगायचात, डोळं मीट. माझ्या पाठीमागं दार, दारात वहिनी, कडेला स्टुलावर तुम्ही, आणि माझ्या डोक्यावरून तुमचं दोघांचं बोलणं चाललेलं. लोकांचं मशीन टोचलं नाही, तर वाटायचं, मी गेल्यावर तुम्ही ते शेवटाला नेऊनच ठिपका देणार. मी आपला स्वतःला मोठा कानसेन समजत होतो!

"मग घरचा का एवढा..." मी अडखळलो.

"घरचा तेवढा त्यास्नी ऐकू यायला नको व्हय?" वहिनी म्हणाल्या. एवढं सरळ उत्तर, आणि मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. जगाला जगाच्या कानाचा आवाज देत होतात आणि स्वतःसाठी त्या एका नॉबचं शेवटचं टोक ठेवलं होतंत, जिथं झांजेचा उरलासुरला धागा तुमच्यापर्यंत पोचायचा.

"माझ्यावर चिडायचे काय हो? मी सारखा टोकायचो ते."

"चिडतील कशाला! तुमी गेला की हसायचे. म्हणायचे, मारत्याला टोचतंय, म्हंजे झांजा हायेत अजून तिथं. त्याचं कान चांगलं हायेत, लई बरं वाटतं."

मी तोंड फिरवून रडलो, अण्णा. आधी स्मशानात रडू आलं नव्हतं.

तात्यांच्या सेटवरचा ठिपका मी दिला नाही. ब्रश वहिनींच्या हातात दिला, त्यांनी दिला, कपाळाला कुंकू लावावं तसा नेटका. दुसऱ्या दिवशी सदलग्याला पोचवून आलो. तात्यांनी रेकॉर्ड लावली, हनुवटीखाली काठी घेऊन पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाले, "अण्णाच हाय ह्यो." मी हो म्हणालो. वहिनींचं नावही सांगितलं. मी निघताना तात्यांनी वहिनींसाठी परसातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधून दिली.

ती द्यायला आज शहापुरात आलो होतो. वहिनींनी शेंगा घेतल्या आणि स्वतःच तुमचा सेट लावला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मला म्हणाल्या, "बसा मधी." मी मधल्या खुर्चीत नाही बसलो. भिंतीशी तुमच्या स्टुलावर बसलो, तिथून दार दिसतं. झांजा सुरू झाल्या आणि कानात अशा घुसल्या की डोळ्यात पाणी आलं. सवयीनं हात नॉबकडं गेला. आता ऐकायला तुम्ही नाही, मग तो शेवटाला टेकलेला ठिपका कुणासाठी?

दारात वहिनी होत्या. त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं.

मी हात मागं घेतला. ट्रेबल जास्तच आहे, अण्णा. पुढच्या सुट्टीला येऊन पुन्हा सांगेन.